सतरावा स्टोलन

ओल्बर्नहाऊ,
रविवार, २ डिसेंबर १९९०

प्रिय ट्रूडेल,

तुझं पार्सल तीन आठवड्यांपूर्वीच मिळालं, दोरीची एक गाठही सैल न होता. आभाराचं पत्र मात्र आज लिहिते आहे. उशिराला कारण आहे, ते पुढे सांगते. तुझा गुडघा पायऱ्या चढू देत असेल असं धरून चालते. आम्ही नवरा-बायको बरे आहोत. मांफ्रेडला खोकला आहे, पण तो खोकला आता त्याच्याबरोबरच जाणार.

खोक्यावर तू अजूनही ती चिठ्ठी चिकटवली आहेस: 'भेटवस्तू. विक्रीचा माल नाही.' अगं, पूर्व-पश्चिमेतली सीमा गेली, जकातवाले घरी बसले, आता कुणाला सांगतेस? मांफ्रेड वाचून इतका हसला की ठसका लागला त्याला. म्हणाला, "तुझी बहीण स्वतःच्या शवपेटीवरही हीच चिठ्ठी लावून घेईल." त्याचं मनावर घेऊ नकोस. नाताळच्या गोड पावाला, आपल्या स्टोलनला, लागणारे बदाम, मनुका, पाकवलेल्या लिंबाच्या साली, सगळं नीट पोचलं. आता हे सगळं आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही ढिगाने मिळतं. तरी खोकं उघडलं आणि कॉफी-साबणाचा तोच एकत्र वास आला, तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिले.

इकडची बातमी म्हणजे आज सकाळी मत देऊन आलो. सगळ्या देशाचं एकच मतदान! मांफ्रेडने त्यासाठी टाय बांधला आणि परत येईपर्यंत कुरकुरत होता की टायवर खर्च झाला तेवढाही उपयोग व्हायचा नाही. कारखान्यात आठवड्याला तीनच दिवस काम आहे. लाकडी देवदूतांचे डोळे रंगवायला मी अजून जाते, पण देवदूत घेणारे लोक कमी झालेत. खिडकीत मेणबत्त्यांची कमान लावली आहे. सरकारने सदतीस वर्षं दुसरं नाव दिलेल्या केम्निट्स शहराला परत केम्निट्स म्हणायचं, हे जिभेला अजून जमत नाही.

तुझ्या अंकेने खोक्यात चिठ्ठी टाकली होती. काय गोड अक्षर आहे पोरीचं! तिने विचारलंय, "मावशीआजी, तुम्ही पाठवता त्या स्टोलनच्या कडेला एक बारीक खाच असते, ती कसली?" तिला सांग, इकडे घरोघरी पीठ मळतात आणि भाजायला बेकरीत नेतात. एका भट्टीत तीस घरांचे स्टोलन. बाहेर आल्यावर सगळे एकसारखे दिसतात, मग कुणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घर आपली पत्र्याची खूण पिठात टोचतं. आपल्या खुणेवर बाबांनी खिळा ठोकठोकून 'रायखेल' लिहिलं होतं, लढाईवरून शेवटचे सुट्टीवर आले होते तेव्हा. भाजून झालं की खूण काढून बेकरीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायची. उरते ती खाच.

हे उत्तर लिहायला दहा ओळी लागल्या, पण ते लिहायला बसायला मला तीन आठवडे लागले. कारण तिने लिहिलंय, "तुम्ही पाठवता त्या".

ट्रूडेल, ईस्टरला तू तार करून आलीस, एकोणतीस वर्षांनी. फलाटावर मी तुला ओळखलं नाही. तू मला ओळखलंस, कारण म्हणे मी आईसारखी पर्स पोटाशी घट्ट धरून उभी होते. तू मला मिठी मारलीस आणि पहिलं वाक्य बोललीस ते मला पाठ आहे. "लिंडे, तू सोळा वर्षं मला एक ओळ लिहिली नाहीस, पण दर नाताळात तुझा स्टोलन आला. मी आधी खाच चाचपून बघायचे आणि म्हणायचे, झालं, माझ्या बहिणीने मला टाकलेलं नाही."

मी काय बोलले? तुझी बॅग उचलली आणि म्हणाले, "चल लवकर, मांफ्रेडने गाडी नको तिथे लावली आहे."

तुला वाटलं, मी भावना लपवते आहे. तसं नव्हतं. तू कशाबद्दल बोलते आहेस हेच मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपण आईच्या थडग्यापाशी गेलो. तू दगडावर हात ठेवून म्हणालीस, "त्या वेळी काय झालं ते मी तुला सगळं लिहिलं होतं. वाचलंस ना?" आणि मी "हो" म्हणाले.

आता लिहूनच टाकते. ते स्टोलन मी केले नव्हते. सोळातला एकही नाही. आणि तुझं ते पत्रही मी वाचलं नव्हतं. चौऱ्याहत्तरपासूनची तुझी सगळी पत्रं शिवणाच्या डब्यात पडून होती, पाकिटंसुद्धा न फोडलेली. फलाटावर तू माझे जे आभार मानलेस, ते मी दुसऱ्याचा कोट अंगात घालावा तसे घालून पाच दिवस मिरवले. फार ऊबदार होते, म्हणून काढवेनात.

आई चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत गेली. मी तार केली. तू आली नाहीस, फूल नाही, निरोप नाही. चर्चच्या दारात लोक विचारत होते, "थोरली कुठे आहे?" आणि मी म्हणत होते, "तिकडे पश्चिमेत, कासेलला आहे, तिला वेळ नाही." दोन आठवड्यांनी तुझं पत्र आलं. मी म्हटलं, आता सबबी वाचायच्या नाहीत. डब्यात टाकलं. मग एकावर एक टाकत गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तुझं पार्सल आलं. मी खोकं उचललं आणि तसंच आपल्या भट्टीवाल्या ऊलिगमास्टरांच्या बेकरीत नेऊन ठेवलं.

"हे घ्या, मास्टर. हवं त्याला वाटा."

"तू यंदा करणार नाहीस?"

"यंदा नाही, पुढेही नाही."

"आणि तुमची खूण?"

"राहू दे खिळ्याला. नाहीतर द्या फेकून."

त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जाताना दार लाव, पीठ थंड होतंय." बस्स.

त्यानंतर दर वर्षी हेच. घरात मांफ्रेड बडबडायचा, "राग तुझा आहे ना? मग कॉफीने काय घोडं मारलंय?" आणि खोकं बेकरीत जाण्याआधी तो कॉफीचं पाकीट हळूच काढून घ्यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. सत्त्याहत्तर साली इथे कॉफीत काय वाट्टेल ते मिसळून विकायला लागले, तेव्हा मीही प्यायले, पाठ फिरवून.

आणि माझ्या मूर्खपणाची कमाल ऐक. दर डिसेंबरात ऊलिगमास्टर एक स्टोलन आमच्या दाराशी ठेवून जायचे. विचारलं की म्हणायचे, "जास्तीचा झाला." मी तो कापायचे, खायचे आणि म्हणायचे, "या माणसाला बदाम मिळतात तरी कुठून?" अख्खं गाव बदामाऐवजी जर्दाळूच्या बिया आणि लिंबाऐवजी साखरेत मुरवलेले हिरवे टोमॅटो घालत होतं, आणि यांच्या स्टोलनमध्ये खरे बदाम, खरं लिंबू! सोळा वर्षं मी तोंडात तुझेच बदाम घेऊन हा प्रश्न विचारला, आणि मांफ्रेड खाली मान घालून चावत राहिला.

तू ईस्टरनंतर परत गेलीस आणि मी दुसऱ्याच दिवशी ऊलिगमास्टरांकडे गेले. आता बेकरी मुलगा चालवतो. म्हातारा मागच्या अंगणात बाकावर बसून बटाटे सोलत होता.

"मास्टर, माझ्या बहिणीला तुम्ही स्टोलन पाठवत होता?"

"होतो."

"माझ्या नावाने?"

"नाव कुठे घातलं मी? पाठवणाऱ्याच्या जागी तुमच्या घराचा पत्ता घातला. टपालवाल्यांना रिकामी जागा चालत नाही."

"कुणाला विचारून?"

"तूच म्हणालीस ना, हवं त्याला वाटा? मी वाटलं. एक तिला, एक तुला, बाकीचे वृद्धाश्रमात. बदाम तिचे, मग एक तिला नको?"

"पण आमची खूण का टोचलीत? माझाच आहे असं वाटायला?"

तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली. "पोरी, साठ वर्षांत मी बिनखुणेचा स्टोलन भट्टीतून काढलेला नाही. कुणाचा म्हणायचा तो? तुझा राग जाईपर्यंत तुझी जागा कुणीतरी धरून ठेवायला हवी होती. वाटलं, एक-दोन वर्षं लागतील. तू एवढा वेळ लावशील हे मला काय ठाऊक?"

मी रागावून गेले होते, ट्रूडेल. त्यांच्याजवळ बसून उरलेले बटाटे सोलून परत आले. निघताना ते म्हणाले, "आणि तिची पत्रं वाच. गावातल्या टपालवाल्याला माहीत आहे तू वाचत नाहीस ते. लिहिणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटतं."

त्याच दुपारी मी डबा टेबलावर पालथा केला. पहिलं पाकीट चौऱ्याहत्तरचं. तुला तुझंच पत्र काय सांगायचं? पण मी वाचलं हे तुला कळावं म्हणून सांगते. तार मिळाल्याबरोबर तू निघालीस. काळा कोट उसना घेतलास. पाइनच्या फांद्यांचं चक्र घेऊन गाडीत बसलीस, आणि कसलासा कागद नाही म्हणून त्यांनी तुला सीमेवर उतरवलं आणि परत धाडलं. आई गेली होती, हे तू त्यांना तीनदा सांगितलंस. मग ते चक्र तुमच्या बाजूच्या पहिल्याच गावात कुणा अनोळखी बाईच्या थडग्यावर ठेवलंस, कारण तिचं नाव आईसारखंच एल्फ्रीडे होतं. हे सगळं माझ्या घरात, बटणांच्या आणि दोऱ्यांच्या खाली सोळा वर्षं होतं. मी रोज त्या डब्यातून सुई काढत होते.

पत्राच्या शेवटी तू लिहिलं होतंस: "तुम्हाला कळवलं नव्हतं, पण नाताळचा स्टोलन दोन तुकडे होऊन आला होता. टपालात मोडला असणार. आईचं म्हणणं तुला माहीत आहे. मी ते तुकडे ताटात जुळवून ठेवले आणि म्हटलं, जे यायचं असेल ते माझ्या घरी येऊ दे, तिकडे नको. पण माझं ऐकलं गेलं नाही. लिंडे, मी तो मोडलेला स्टोलन खाल्ला, हे चुकलं का गं?"

हे वाचलं आणि मी ओरडले असणार, कारण मांफ्रेड हातातलं काम टाकून आत आला. त्याला मी काही सांगितलं नाही. आजही त्याला हे माहीत नाही. आधी तुला सांगते.

तो स्टोलन टपालात मोडला नव्हता.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात मी बेकरीतून आपले चार स्टोलन फळीवर ठेवून, फळी खांद्यावर घेऊन घरी येत होते. चर्चच्या उतारावर बर्फ गोठलेला होता. पाय घसरला. तीन वाचले, एक बरोबर मधोमध मोडला. आईचे पाय तेव्हा सुजलेले असायचे, ती खुर्चीतून उठत नव्हती. आणि तिचं ते वाक्य तर आपण पाळण्यापासून ऐकलेलं: स्टोलन मोडला त्या घरात वर्षाच्या आत एक माणूस कमी. मी घाबरले. लाकडांच्या खोलीत बसून लोण्याने तुकडे चिकटवले, वरून पिठीसाखर थापली, भेग दिसेनाशी केली. मग माझ्या मनात आलं, एक तर कासेलला पाठवायचाच आहे. हाच पाठवू. मोडलेला या घरात राहायलाच नको. जे व्हायचं ते तिकडे होऊ दे.

हे मी शुद्धीत असताना केलं, ट्रूडेल. स्वतःला सांगितलं की तिकडे डॉक्टर चांगले आहेत. आणखी एक सांगितलं, की ट्रूडेल एकसष्टच्या उन्हाळ्यात "चार दिवस फिरून येते" म्हणून गेली ती गेलीच, आईचे पाय रोज मी चोळते, तर थोडं तिच्याही वाट्याला येऊ दे. पार्सलवर तुझा पत्ता मी नेहमीच्याच सुबक अक्षरात लिहिला.

दोन महिन्यांनी आई गेली. मला वाटलं, देवाने पत्ता वाचला आणि पार्सल परत पाठवलं. त्यानंतर स्टोलनच्या पिठाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. पण हे कुणाला सांगणार? मग तू आली नाहीस हे कारण हाताशी होतं. तुझ्यावर रागावणं सोपं होतं, ते मी मन लावून केलं.

आता मला कळतं, आई म्हातारी होती आणि तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते. स्टोलनने कुणी मरत नाही. पण मी तुझ्या घरी काय पाठवलं हे मला ठाऊक होतं. आणि तू ते ताटात जुळवून ठेवलंस, स्वतःहून आपल्या घरी मागून घेतलंस, आणि पुढच्याच ऑक्टोबरात मला बदाम पाठवलेस. त्याच्या पुढच्याही. उत्तर नाही, ओळ नाही, तरी सोळा वर्षं. तुझ्या शेवटच्या पत्रापर्यंत मी एका दमात वाचत गेले आणि त्यात एकदाही तू विचारलेलं नाहीस की लिंडे, तू का लिहीत नाहीस? दर वेळी एवढंच, "स्टोलन मिळाला, छान झाला होता, आईसारखा."

ट्रूडेल, मी तुझे आभार कसे मानू? बदामांचे मानता येतात. खोकं पाठवणं बंद न करण्याचे कसे मानायचे ते मला कुणी शिकवलेलं नाही. ऊलिगमास्टरांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "आभार काय मानतेस, मळायला घे."

म्हणून मळायला घेतलं. तुझं पार्सल आलं त्याच आठवड्यात. आईची पाककृती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला अजून चिकटवलेली आहे, तुझ्या अक्षरात. सतरा वर्षांत हात विसरले असतील असं वाटलं होतं, पण पीठ मऊ आलं. मांफ्रेड बदाम सोलायला बसला आणि म्हणाला, "शेवटी मला खरं बोलायची परवानगी मिळाली म्हणायची. हे बदाम मला चवीवरून ओळखीचे आहेत." मी त्याच्या पाठीत लाटणं घातलं, हलकेच.

बेकरीत म्हातारा स्वतः उठून आला. भिंतीवर आता पाच-सहाच खुणा उरल्या आहेत. त्यांनी आपली खिळ्यावरून काढली, एप्रनला पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे. जागा तुझीच आहे. माझे हात दुखायला लागलेत." मी टोचली. पत्रा आता कडेला पातळ झालाय, पण बाबांची अक्षरं वाचता येतात.

या वेळी उतारावर मी फळी खांद्यावर घेतली नाही. मांफ्रेडच्या हातात दिली आणि स्वतः पुढे बर्फावर राख टाकत चालले. स्टोलन अखंड घरी आला. थंड खोलीत कापडात गुंडाळून ठेवलाय. तो मी टपालाने पाठवणार नाही. टपालावर मी एकदा खोटा आळ येऊ दिला आहे.

शनिवारी, पंधरा तारखेला, मी तो मांडीवर घेऊन गाडीत बसेन. कासेलला दुपारी तीनला पोचते. आजवर मी त्या बाजूला कधी गेलेली नाही, पण रस्ता एकच आहे आणि आता मध्ये कुणी उतरवत नाही. ईस्टरला तू ज्या बहिणीला मिठी मारलीस ती कोण होती हे तुला आता कळलं आहे. त्यामुळे फलाटावर यावंस असा माझा हट्ट नाही. तू दिसली नाहीस तर मी समजून घेईन. स्टोलन तुझ्या दाराशी ठेवीन, घंटा वाजवीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईन. अंकेला सांग, जास्तीचा झाला होता.

पण आलीस, तर सुरी मी धरणार. आई कडेने कधी कापू द्यायची नाही, आठवतं? मधोमध कापायचा, लागतील तेवढे काप काढायचे, आणि उरलेले दोन अर्धे परत एकमेकांना टेकवून कापडात गुंडाळायचे. तसा ठेवला की आतून सुकत नाही, म्हणायची. तो सहा जानेवारीच्या एपिफनीच्या सणापर्यंत पुरवू. तेवढे दिवस मला ठेवून घेशील ना?

वाट बघणारी तुझी धाकटी बहीण,
लिंडे
(या वेळी खरोखर मीच)